लिंबूटिंबूचा हिशेब

बडोद्यात ‘बोलिंग’ म्हटलं की माणूस मोतीबागेच्या क्रिकेट मैदानाच्या दिशेनं बघतो. यात त्याची चूक नाही. श्रीरामपूरचा झहीर खान इथल्या संघातून रणजी खेळत वर गेला, मांडवीच्या मशिदीच्या आवारात वाढलेला इरफान पठाण चेंडू आत आणायला इथेच शिकला. त्यामुळे भाचीनं डेट्रॉइटहून फोन करून ‘मामा, बोलिंगवर एक पुस्तिका लिहितेय, मराठीत’ असं सांगितलं, तेव्हा मी सहज विचारलं, ‘स्विंगवर की स्पिनवर?’

‘टेनपिनवर,’ ती म्हणाली. ‘आणि खरं तर लीगवर. प्रस्तावना तू लिहायचीस. तू खेळलायस.’

खेळलोय हे खरं. एका हिवाळ्यात मी तिच्याकडे राहायला गेलो होतो. बाहेर गुडघाभर बर्फ, घरातली सगळी माणसं कामावर, आणि मी खिडकीशी. तिला माझी दया आली असावी. तिच्या ओळखीच्या एका ज्येष्ठांच्या लीगमध्ये एकाचा गुडघा दुखावला होता, बदली माणूस हवा होता. मंगळवारी सकाळी तिनं मला तिथं नेऊन सोडलं, शाळेत पहिल्या दिवशी मुलाला सोडतात तसं. मी तोवर जन्मात बोलिंगचा गोळा उचलला नव्हता. कारखान्याच्या हिशेब खात्यात पस्तीस वर्षं काढलेला माणूस मी. पण तो खेळ मला धरून राहिला तो त्या गोळ्यामुळे नाही, त्याच्या हिशेबामुळे, आणि ते सांगण्यासाठीच ही प्रस्तावना लिहायला बसलो आहे.

आपल्याकडे टेनपिन म्हणजे मॉलमधला वाढदिवस. निळे-जांभळे दिवे, मोठ्यानं गाणी, काउंटरवर बूट, लहान मुलांसाठी दोन्ही बाजूंच्या नाल्यांना कठडे लावलेले. अर्धा तास गोळे टाकायचे, पडद्यावर आकडे येतात ते कोणी वाचत नाही, मग सगळे पिझ्झा खायला. यात गैर काही नाही. पण त्या खेळाला पुढचा आठवडा नसतो. लीगला असतो. चार-चार जणांचे संघ, ठरलेला वार, ठरलेली वेळ, आणि सप्टेंबरात सुरू झालेला हंगाम वसंत येईपर्यंत, तीसेक आठवडे. आज तुम्ही काय केलंत याची नोंद पुढच्या मंगळवारी तुमच्या आधी तिथं हजर असते.

आधी गुण कसे मोजतात ते, कारण नव्या माणसाचं घोडं पहिल्यांदा तिथंच अडतं. एका गेममध्ये दहा फ्रेम. प्रत्येक फ्रेममध्ये दहा पिना पाडायला दोन संधी. दोन्हीत मिळून दहा पडल्या नाहीत तर जेवढ्या पडल्या तेवढे गुण, विषय संपला. दुसऱ्या गोळ्यात दहा पुऱ्या झाल्या तर तो स्पेअर: दहा, अधिक पुढच्या एका गोळ्याला जे मिळेल ते. पहिल्याच गोळ्यात सगळ्या आडव्या झाल्या तर स्ट्राइक: दहा, अधिक पुढच्या दोन गोळ्यांचं. म्हणजे पहिल्या फ्रेमला स्ट्राइक आणि दुसरीत सात आणि दोन, तर पहिल्या फ्रेमचे एकोणीस, दुसरीचे नऊ, एकूण अठ्ठावीस. दुसऱ्या फ्रेमचे नऊ दोन खात्यांत पडले. मला हे लगेच समजलं, कारण ही येणे बाकी आहे. स्ट्राइक पडला त्या क्षणी रक्कम कळत नाही, रकाना उघडा ठेवायचा, वसुली पुढच्या दोन गोळ्यांत. सगळेच स्ट्राइक पडले तर शेवटच्या फ्रेमचे जादा धरून बारा गोळे आणि 300 गुण. त्यापुढे आकडा नाही.

आता नव्या माणसानं एक गणित घरी करून बघावं. समजा, तुम्ही प्रत्येक फ्रेमला पहिल्या गोळ्यात नऊ पिना पाडता, आणि दुसरा गोळा दर वेळी उरलेल्या एकीला चुकवून जातो. गेमचे झाले 90. आता समजा तेच नऊ, पण उरलेली एक दर वेळी पडते, आणि शेवटच्या स्पेअरपोटी मिळणाऱ्या जादा गोळ्यालाही नऊ. गेमचे झाले 190. दर फ्रेमला एकच पिन जास्त, पण फरक शंभराचा. पिनांचे दहा आणि त्या पिनांनी उघडलेल्या खात्यांत जमा झालेले नव्वद. नवखा माणूस स्ट्राइकच्या मागे धावतो, कारण त्याला टाळ्या पडतात. लीगमधली मुरलेली माणसं मला पहिल्या दिवसापासून एकच सांगत होती: उरलेली उचल. भाचीनं पुस्तिकेत स्पेअरवर तीनच पानं दिली आहेत आणि गोळा विकत कसा घ्यावा यावर अकरा. माझ्या मते हे उलट हवं होतं. तिला सांगून पाहिलं. ‘मामा, लोकांना गोळ्याचंच आकर्षण असतं,’ म्हणाली. असेल.

आता हँडिकॅप, म्हणजे कच्च्या खेळाडूला दर गेमला मिळणारे जादा गुण. या शब्दावरून आमची महिनाभर फोनाफोनी झाली. तिनं आधी ‘सवलतगुण’ लिहिलं होतं. मी म्हटलं, सवलत शब्दात उपकार आहे, आणि इथं उपकार नाही; हँडिकॅपच राहू दे. बोलरला ‘गोलंदाज’ म्हणणंही मी खोडून काढलं, त्याचं कारण वर मोतीबागेच्या निमित्तानं आलंच आहे.

गल्लीत खेळताना लहान भावंड हट्ट करून रडायला लागलं की आपण त्याला घ्यायचो. ते लिंबूटिंबू. त्याच्यावर राज्य येत नाही, ते बाद झालं तरी बाद नाही, सगळीकडे धावतं, ओरडतं, आणि त्याला वाटतं आपण खेळतोय. पण त्याचा गुण कोणी धरत नाही. थोडं मोठं झाल्यावर त्यालाही हे कळतं, आणि ज्या संध्याकाळी कळतं ती संध्याकाळ वाईट असते. मोठ्या माणसांच्या बहुतेक खेळांत नवख्याची हीच गत होते. क्रिकेटच्या क्लबात अकरावा म्हणून उभं करतात, फाइन लेगला पाठवतात. पत्त्यांत ‘बघून शिका’ म्हणतात. लीग बोलिंगमध्ये लिंबूटिंबूला पहिल्या दिवसापासून हिशेबात धरतात.

माझंच उदाहरण देतो. पहिल्या मंगळवारी मी तीन गेम खेळलो: 91, 88, 110. बेरीज 289, तिनानं भागून अपूर्णांक टाकला की सरासरी 96. आमच्या लीगचा नियम असा की 200 मधून सरासरी वजा करायची आणि जो फरक येईल त्याचे नव्वद टक्के दर गेमला हँडिकॅप म्हणून द्यायचे. 200 वजा 96, म्हणजे 104. त्याचे नव्वद टक्के 93. पुढच्या मंगळवारी समोर एक निवृत्त पोस्टमन, चाळीस वर्षं लीगमध्ये खेळलेले, सरासरी 178. त्यांचा हँडिकॅप 19. पहिल्या गेममध्ये मी 112 केले, त्यांनी 183. माझे 205 झाले, त्यांचे 202. त्या गृहस्थांनी येऊन हात मिळवला, कपाळाला आठी नाही. मी मात्र रात्री झोपेपर्यंत कागदावर ते आकडे पुन्हा पुन्हा मांडत होतो.

कोणी म्हणेल, मग चांगलं खेळून फायदा काय? तो त्या नव्वद टक्क्यांत आहे. आम्ही दोघंही आपापल्या सरासरीवर खेळलो तर माझे 96 आणि 93 मिळून 189; त्यांचे 178 आणि 19 मिळून 197. पारडं त्यांच्याकडे आठ पिनांनी झुकलेलंच आहे, आणि ते चाळीस वर्षांच्या मेहनतीचं. मी जिंकलो कारण त्या गेममध्ये मी माझ्या सरासरीच्या सोळा पुढे होतो आणि ते त्यांच्या फक्त पाच. टक्केवारी आणि पाया प्रत्येक लीग आपापला ठरवते. कुठे 200, कुठे 220, कुठे शंभर टक्के. हंगामाच्या आधी सभा भरते, हात वर करून मतं पडतात. अर्थात जिथं हिशेब आहे तिथं हिशेबातली लबाडीही आहे. काही जण मुद्दाम वाईट खेळून सरासरी खाली ठेवतात आणि बक्षिसाच्या वेळी फुलतात. तिकडे त्याला ‘सँडबॅगिंग’ म्हणतात आणि पकडला तर माणूस स्पर्धेतून बाद होतो. आमच्या खात्यात खर्च फुगवून दाखवणारे असत, हे पिना लपवणारे, चेहरा सारखाच.

गैरहजर माणसाचीही नोंद होते, याचं मला फार कौतुक वाटलं. एखादा आला नाही आणि बदलीही मिळाला नाही तर त्याच्या सरासरीतून दहा पिना कापून तो आकडा संघाच्या बेरजेत धरतात. माणूस घरी तापानं फणफणलेला आणि त्याची सरासरी इथं खेळतेय! दर आठवड्याच्या वर्गणीचे दोन भाग: एक लेनच्या भाड्याचा, दुसरा बक्षिसांच्या गंगाजळीचा. बँकेच्या खात्यावर दोघांच्या सह्या. आपल्याकडे भिशी चालवलेल्या कोणत्याही बाईला लीगची सेक्रेटरी व्हायला अर्धा तास पुरेल.

आता लेनबद्दल, कारण ती दिसते तशी नसते. गोळा टाकताना पाय जिच्यापुढे जाऊ द्यायचा नाही त्या फाउल लाइनपासून पहिल्या पिनेपर्यंत साठ फूट, रुंदी साडेएकेचाळीस इंच, आडवी मोजली तर एकोणचाळीस पट्ट्या. टोकाला पंधरा इंच उंचीच्या दहा पिना त्रिकोणात, शेजारच्या दोघींत बारा इंचांचं अंतर. पहिल्या दिवशी मी खाली वाकून बघितलं तर लाकूड ओलसर चमकत होतं. ‘तेल लावलंय,’ शेजारचे म्हणाले. मला वाटलं थट्टा. पण खरंच सुरुवातीच्या चाळीसेक फुटांवर खनिज तेलाचा पातळ थर यंत्रानं चढवतात, मध्ये जाड आणि कडांना पातळ. पुढचे वीस फूट कोरडे. गोळा तेलावरून घसरत जातो आणि कोरड्यावर आला की लाकूड धरतो आणि वळतो. कोणी गिरकी देऊन टाकलेला गोळा सरळ नालीकडे निघालेला असतो आणि ऐन शेवटी आत वळून पिनांत घुसतो, तो चमत्कार या तेलाचा. आणि हे तेल जागेवर राहत नाही. वीस-वीस गोळे गेले की वाट पुसली जाते, तोच गोळा आता आधीच वळतो, आणि पहिल्या गेमला स्ट्राइक देणारी जागा तिसऱ्या गेमला दगा देते. उजव्या हाताचे जाणते मग एक-दोन पट्ट्या डावीकडे सरकून उभे राहतात. कुस्तीच्या हौद्यातल्या मातीत तेल, ताक, हळद घालून ती राखतात हे आम्हा बडोदेकरांना शिकवावं लागत नाही. लाकडालाही तशी निगा लागते हे मला तिथं कळलं.

नव्यानं गोळ्याची गिरकी विसरावी. सरळ टाकावा. लेनवर पंधराएक फुटांवर सात बाण रंगवलेले असतात, नजर त्यांच्यावर ठेवावी, पिनांवर नाही. साठ फुटांवरच्या वस्तूपेक्षा पंधरा फुटांवरची सापडते. उजव्या हातानं टाकणाऱ्यानं उजवीकडून दुसरा बाण धरावा आणि पुढच्या पिनेच्या थोडं उजवीकडे, तिच्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या पिनेच्या मध्ये गोळा जाईल असं बघावं. गोळा नेमका पुढच्या पिनेच्या डोक्यात बसला तर बघायला छान, पण दोन कोपऱ्यांत दोन पिना उभ्या राहतात आणि तुम्ही कपाळाला हात लावता. उजव्या कोपऱ्यातली एकटी राहिली तर डावीकडे जाऊन उभं राहायचं, डावीकडची राहिली तर उजवीकडे. लेन तिरकी वापरली की ती रुंद होते. सोळा पौंडांपर्यंतचे गोळे असतात. मी दहाचा घेतला, साडेचार किलो. शेजारच्या बाई, वय ऐंशीच्या पुढे, बाराचा टाकत होत्या. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

रीतीभाती कागदावर फारशा नसतात, आणि नव्या माणसाची फजिती तिथंच होते. शेजारच्या लेनवर कोणी पवित्रा घेऊन उभं असेल तर थांबायचं. दोघं एकदम आलात तर उजवीकडच्याला आधी जाऊ द्यायचं. दुसऱ्याच्या गोळ्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. दोन संघांना मिळून शेजारच्या दोन लेन असतात आणि प्रत्येक फ्रेमला लेन बदलायची. मी तीनदा चुकीच्या लेनवर टाकून बसलो. आणि बूट! तळवा गुळगुळीत असतो, कारण शेवटच्या पावलाला घसरायचं असतं. चौथ्या मंगळवारी मी ते बूट घालूनच हात धुवायच्या जागी गेलो. परत आलो, चार पावलं टाकली, पाचव्याला डावा पाय घसरण्याऐवजी जमिनीला चिकटला. गोळा पुढे गेला, मी त्याच्या मागे, आणि फाउल लाइनचा भोंगा वाजला. उठून बघतो तर तळव्याला पाण्याचा ओला डाग. त्या पोस्टमननी खिशातून एक कापडी पिशवी काढली, माझ्या बुटावर चढवायला दिली आणि म्हणाले, आता कुठंही जा. त्या गेममध्ये माझे 79 झाले आणि सरासरी घसरली. म्हणजे हँडिकॅप वाढला.

हे सगळं नियमबद्ध झालं ते फार जुनं नाही. 9 सप्टेंबर 1895 ला न्यूयॉर्कच्या बीथोव्हेन हॉलमध्ये क्लबांचे प्रतिनिधी जमले आणि अमेरिकन बोलिंग काँग्रेस स्थापन झाली. तोवर गावागणिक पद्धत वेगळी. पिनांतलं बारा इंचांचं अंतर, 300 ची कमाल मर्यादा हे तिथून पुढचं. मला हे वाचताना आमचं गाव आठवलं. हिंद विजय जिमखान्यानं 1923 साली हुतूतूचे नियम छापले आणि त्यांच्या आधारे बडोद्यात अखिल भारतीय सामने घेतले. घराघरांत खेळला जाणारा खेळ परगावच्या माणसाबरोबर खेळता यायचा तर आधी कोणीतरी कागदावर लिहावा लागतो. या गावाला ते वेड होतं. आबासाहेब मुजुमदारांनी संपादित केलेला दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ मराठीत आणि बडोद्याहून निघाला. भाचीची ही चोपडी त्या खंडांच्या कपाटाशेजारी ठेवायची माझी हिंमत नाही, पण तिला मराठीत लिहावंसं का वाटलं हे त्या कपाटाकडे बघितलं की कळतं.

मात्र ज्या काँग्रेसनं पिनांमधलं अंतर ठरवलं तिनं माणसांमधलंही ठरवलं. 1916 मध्ये तिच्या घटनेत ‘गोरे पुरुष’ एवढेच सभासद असं कलम आलं. त्याच वर्षी सेंट लुईसमध्ये चाळीस बायकांनी आपली वेगळी संघटना काढली. काळ्या बोलर्सनी 1939 मध्ये डेट्रॉइटमध्ये, म्हणजे भाचीच्या गावात, आपली काढली. ते कलम जायला 1950 उजाडलं. आणि पुरुषांची व बायकांची मिळून एक संघटना झाली ती 2005 मध्ये. पंचवीस पिना जास्त पाडणाऱ्याशी कमी पाडणाऱ्याला बरोबरीनं बसवणारी टक्केवारी ज्यांना इतकी बारकाईनं काढता आली, त्यांना हे दिसलं नाही असं मी म्हणणार नाही. दिसत होतं. माझ्या त्या मंगळवारच्या लीगमध्ये दोन वृद्ध कृष्णवर्णीय गृहस्थ होते, दोघांच्या वडिलांनी आपल्या लोकांच्या वेगळ्या लीगमध्ये सारी हयात काढलेली. ते हे सगळं गोळे पुसता पुसता सांगत, आवाज न चढवता.

आता लीग ओसरत चालल्या आहेत. रॉबर्ट पुटनम या प्राध्यापकांनी 1995 मध्ये ‘बोलिंग अलोन’ नावाचा निबंध लिहिला, 2000 मध्ये पुस्तक केलं. त्यांचा आकडा असा: 1980 ते 1993 या काळात बोलिंग करणारे दहा टक्क्यांनी वाढले आणि लीगमध्ये खेळणारे चाळीस टक्क्यांनी घटले. नाव वाचून वाटतं, लोक एकेकटे जाऊन गोळे टाकतायत. तसं नाही, ते मित्रांबरोबर, मुलाबाळांबरोबर जातात. गेली ती अनोळखी पोस्टमनशी गाठ पडायची सोय. आपल्याकडे ती टेनपिनपुरती मुळात आलीच नाही. पिना वाढदिवसाच्या पाकिटात आल्या.

भाचीनं शेवटच्या प्रकरणात कागदावर मांडून दाखवलंय की छोटी लीग चालवायला फार काही लागत नाही: चार जणांचे चार संघ, चार लेन, आठवड्यातली तीन तासांची एक ठरलेली वेळ. चार संघ तीन आठवड्यांत एकमेकांशी एकेकदा खेळून होतात; पाच फेऱ्या केल्या की पंधरा आठवड्यांचा हंगाम. मॉलमधल्या लेन कामाच्या दिवशी दुपारी रिकाम्या असतात, हे मी स्वतः दोनदा जाऊन बघून आलोय. काउंटरवरच्या पोराला विचारलं, दर मंगळवारी सोळा जण आले तर? तो म्हणाला, ‘काका, कोणाचा बर्थडे आहे?’

घरी येऊन एका लग्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर यादी सुरू केली. नाव, फोन, बुटाचं माप, सरासरी असे चार रकाने. आजवर अकरा नावं झाली आहेत. त्यातल्या सहा जणांनी मधे चहा मिळेल का विचारलं, दोघांनी शेव-उसळ. एकानं, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली चालेल का. चालते, फाउल लाइनशी उभं राहून टाकायचा. बुटाच्या मापांचा रकाना भरलाय. सरासरीचा कोरा आहे.

रावपुरा, बडोदे